संग्रामची माणसं

संग्राम इंगवले मला पहिल्यांदा भेटला तेव्हा माझे केस काळे होते. निदान अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या त्या इंडियन ग्रोसरीत शिरताना तरी होते. फ्रोझन पराठ्यांच्या कपाटापाशी मी बायकोला, लतिकाला, एवढंच म्हणालो की यंदा डिसेंबरात कुठंतरी समुद्रावर जाऊ या. समोर बासमतीच्या गोण्यांचा डोंगर होता. त्याच्यामागून आधी एक टक्कल उगवलं, मग चष्मा आणि मग प्रश्न: "समुद्र कुठला? अटलांटिक की कॅरिबियन?" मी गमतीने कॅरिबियन म्हणालो. पुढचं मला सलग आठवत नाही. ट्रॉलीतले मटार विरघळले आणि पुन्हा सुकले. काउंटरवरची मुलगी लग्न होऊन गेली, तिच्या जागी दुसरी आली, तिचंही जमत आलं. अखेर दुकानदाराने दिवे घालवले तेव्हा माझ्या हातात कोथिंबिरीची वाळकी जुडी होती आणि बेलीझ नावाच्या देशातल्या कॉन्च हार्बर नावाच्या गावात आमच्या दोन खोल्या ठरलेल्या होत्या. एक आमची आणि एक सासू-सासऱ्यांची. ते दोघं तेव्हा ठाण्यात होते आणि त्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

संग्राम मूळचा कराडचा. इथे एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करतो, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेली वस्तू कुठे कुठे मोडेल ते शोधायचा पगार घेतो. घरी आल्यावर हेच काम तो लोकांच्या सुट्ट्यांवर फुकट करतो. दर डिसेंबरात मॉरिसव्हिलची पाच-सहा मराठी कुटुंबं तो कॉन्च हार्बरला रवाना करतो. गाव एवढंसं आहे. एक रस्ता, एक धक्का, एक बेकरी, खांबांवर उभी असलेली रंगीत लाकडी घरं आणि मिस अर्नेस्टीन नावाच्या बाईंचं गेस्टहाउस. त्या गावाचा इतका माहितगार अख्ख्या नॉर्थ कॅरोलायनात नसेल. फक्त एक गोष्ट होती. तो तिथे कधीही गेलेला नव्हता.

कारण साधं होतं. वर्क व्हिसावर तुम्ही इथे सुखाने राहू शकता, पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की परत येण्यासाठी पासपोर्टवर नवा शिक्का लागतो. संग्रामचा शिक्का केव्हाच संपला होता. त्याच्या ऑफिसातला एकजण भावाच्या लग्नाला म्हणून नागपूरला गेला आणि शिक्क्याची वाट बघत इतके महिने अडकला की भावाच्या मुलाचं बारसं जेवून आला. तेव्हापासून संग्रामने ठरवलं की ग्रीन कार्डाचं मार्गी लागेपर्यंत हलायचं नाही. हलायचं नाही, पण लोकांना हलवायचं. बायको सुनेत्रा आणि मुलगी रुचा दर डिसेंबरात घरी बसून इतरांनी पाठवलेले समुद्राचे फोटो बघायच्या. "पुढच्या वर्षी आपण," असं संग्राम दरवर्षी म्हणायचा.

जाण्याआधी त्याच्याकडे ब्रीफिंग असायचं. इथल्या घरांत गॅरेजवर एक जास्तीची खोली असते, तिला बोनस रूम म्हणतात. लोक तिथे ट्रेडमिल ठेवतात आणि तिच्यावर कपडे वाळत घालतात. संग्रामने तिथे प्रोजेक्टर लावला आहे. आम्ही बाकरवडी खात खाली गालिच्यावर बसलो आणि तो हातात लेझरचा लाल ठिपका घेऊन उभा राहिला. धक्क्याची तिसरी फळी सैल आहे, तिथे डावीकडून जायचं. बेकरीतले दालचिनीचे बन सकाळी लवकर संपतात. गव्हर्नर नावाचा कुत्रा भुंकतो, पण त्याला सगळ्यांची नावं विचारायची असतात, बाकी काही नाही. शॉवरच्या ज्या नळावर लाल खूण आहे त्यातून गरम पाणी येत नाही, आणि ज्यावर निळी आहे त्यातूनही येत नाही. माझ्या सासऱ्यांनी, जे एव्हाना खरोखरच येऊन पोचले होते, हात वर करून विचारलं की तिथे चहा मिळतो का. संग्राम असा हसला की जणू त्यांनी पंढरीत विठोबा असतो का विचारलं होतं.

आम्ही गेलो. धक्क्यावर होडी लागली तेव्हा तिथली पोरं ओरडत गावात पळाली. मी होडीवाल्याला विचारलं, काय म्हणतायत? तो म्हणाला, "संग्राम लोक आले म्हणतायत." मला वाटलं, चेष्टा करतोय. पण खरंच, त्या गावात आपल्या सगळ्या जमातीला संग्राम म्हणतात. जो भात हाताने खातो, स्वतःची चटणी घेऊन येतो आणि पाण्यात शिरण्याआधी घड्याळ, पाकीट, चष्मा अशा क्रमाने बायकोच्या हातात देतो, तो संग्राम. मिस अर्नेस्टीनच्या फळ्यावर खडूने 'संग्राम टी' लिहिलेलं होतं. आलं घालून उकळलेला चहा, कृती फोनवरून सांगितलेली. व्हरांड्यात एक निळी खुर्ची होती. मी तिच्यात बसलो तर सत्तरीच्या त्या धिप्पाड बाईंनी मला उठवलं. ती संग्रामसाठी ठेवलेली होती.

परत आलो तर विमानतळावर संग्राम स्वतः गाडी घेऊन हजर. मला भरून आलं. पण तो आम्हाला घ्यायला आला नव्हता, माहिती घ्यायला आला होता. घरापर्यंत त्याने आमची उलटतपासणी केली. फळी अजून सैल आहे का? बनवर साखर किती होती? मिस अर्नेस्टीनचा गुडघा कसा आहे? खुर्चीचं मी सांगितलं तेव्हा मात्र तो एक सिग्नल हिरवा झाला तरी थांबून राहिला.

आणि मग या वर्षी एप्रिलमध्ये तो कागद आला. ग्रीन कार्ड नव्हे, पण ते येईपर्यंत बाहेर जाऊन परत यायची परवानगी. इंगवल्यांच्या घरी पेढे वाटले गेले. सुनेत्रावहिनींनी त्याच दिवशी जाहीर केलं की जुलैमध्ये तिघांनी कॉन्च हार्बरला जायचं. रुचा ऑगस्टमध्ये कॉलेजला जाणार होती. त्याआधी तिघांनी एकदा, एकत्र, त्या समुद्राकाठी राहायचं. वहिनींनी दुसरं काही मागितलं नव्हतं.

संग्राम नाही म्हणाला.

मला आणि लतिकाला चहाला बोलावण्यात आलं. पोहे मुद्दाम जास्त केलेले होते, यावरून भांडण मोठं आहे हे कळलं. संग्रामने लॅपटॉप उघडून आम्हाला उपग्रहाचं चित्र दाखवलं. उन्हाळ्यात त्या समुद्रात सार्गासम नावाचं तपकिरी शेवाळ लोटतं, किनाऱ्यावर येऊन कुजतं, अंड्यांसारखा वास मारतं. शिवाय उकाडा, शिवाय डास, शिवाय वादळांचा मोसम. तो ही चित्रं दाखवत असताना त्याचा चेहरा टेस्टिंगमध्ये मोठी चूक सापडल्यासारखा फुलला होता.

"जुलैत मी माझ्या शत्रूलासुद्धा तिकडे पाठवत नाही," तो म्हणाला.

"शत्रूचं राहू दे," वहिनी म्हणाल्या. "बायकोला ने."

संग्रामने डिसेंबर सुचवला. डिसेंबरात पाणी काचेसारखं असतं. वहिनी पोह्यांवर खोबरं भुरभुरत म्हणाल्या की डिसेंबरात पोरगी पाहुणी झालेली असेल. "आज ती आपल्या सवडीने येते यार. एकदा गेली की तिच्या सवडीने आपण. मग तुझं काचेचं पाणी तू आणि मी बघत बसू." रुचा सोफ्यावर आडवी होती. फोनवरून मान न उचलता ती म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट सीवीड." संग्रामने तिच्याकडे असं पाहिलं की ही नक्की आपलीच ना.

माझी खात्री आहे की त्याला शेवाळाची भीती नव्हती. इतकी वर्षं त्याने ते गाव एकही डाग न पडू देता सांभाळलं होतं. आता स्वतः जायचं, तेही बायको-मुलीला घेऊन, आणि गावाने ऐन वेळी घाण वास मारायचा, हे त्याला सोसणार नव्हतं. नाहीतर व्हिसाचं कारण संपल्यावर माणूस इतक्या लगबगीने शेवाळाचं कारण शोधत नाही.

शेवटी त्याने तज्ज्ञ साक्षीदार बोलावला. टेबलावर फोन ठेवून, स्पीकर लावून मिस अर्नेस्टीनला कॉल केला. इंग्रजीतच, पण त्यांच्या त्या गाणं म्हटल्यासारख्या इंग्रजीत, बाईंनी सगळं कबूल केलं. हो, जुलै वाईट. हो, वास येतो. मासे लांब जातात, डास जवळ येतात, पंखा चालतो पण वीज चालेलच असं नाही. प्रत्येक वाक्यागणिक संग्राम आमच्याकडे विजयी नजरेने बघत होता. मग बाईंनी विचारलं, पण यायचंय कुणाला?

"मला," संग्राम म्हणाला. "म्हणजे आम्हाला. तिघांना."

फोनमध्ये मागे कुठंतरी कोंबडा आरवला. मग बाई म्हणाल्या, "सीझन टुरिस्टांना लागतो, संग्राम. तू कधी येतोयस तेवढं सांग, मी पडदे धुवायला काढते."

संग्रामने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. कुणाकडेही न बघता तो म्हणाला, "तिथला पंखा दोनवर ठेवला की खडखडतो. तीनवर ठेवायचा." वहिनींनी लतिकाकडे पाहिलं आणि न विचारता सगळ्यांना परत पोहे वाढले.

जुलैत तिघं परत आले तेव्हा विमानतळावर गाडी घेऊन मी गेलो. उलटतपासणीचा माझाही काही हक्क होता. संग्राम पुढच्या सीटवर बसला होता, एका पायात बूट आणि एका पायात गेस्टहाउसची रबरी चप्पल. मागे वहिनी आणि रुचा इतक्या हसत होत्या की उत्तरं तुकड्या-तुकड्यांनी मिळाली.

धक्क्यावर अर्धं गाव जमलं होतं, अस्सल संग्राम बघायला. होडीवाल्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "फोनवर तू उंच वाटायचास." संग्रामने सगळ्यांना हात केला, तिसरी फळी मोजली आणि दरवर्षी शिकवतो तसा डावीकडे झाला. फळी मेमध्येच नवी बसवली होती. डावीकडचा कठडा त्याच कामासाठी काढला होता. संग्राम गुडघाभर सार्गासममध्ये उभा, आणि गव्हर्नर वरून भुंकतोय. बूट तिथेच राहिला. मिस अर्नेस्टीनने वरूनच त्याला सांगितलं की फळीचं ती कळवणार होती, पण नवीन फळीचं त्याला वाईट वाटेल असं तिला वाटलं.

पुढे पाच दिवस वास होता, वीज अधूनमधून होती. संग्राम निळ्या खुर्चीत बसला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना त्या दोघी. तिघंच असल्यामुळे पाच-तीन-दोन खेळले, सकाळ-संध्याकाळ. फोनला नेटवर्क नव्हतं, त्यामुळे रुचालाही तो डाव आवडला. ती सगळ्यांत जास्त जिंकली आणि हिशेबात खोटेपणाही तिनेच केला. मिस अर्नेस्टीन मागे उभं राहून संग्रामचे पत्ते बघायची आणि ते रुचाला खुणेने सांगायची. दालचिनीचे बन रोज मिळाले, कारण जुलैत ते घ्यायला दुसरं कुणीच नसतं.

"मग?" मी गाडी चालवत विचारलं. "कसं होतं?"

"जुलैत मी कुणाला पाठवणार नाही," संग्राम म्हणाला. मग काच थोडी खाली करून पुढे म्हणाला, "आम्ही जाऊ."

वहिनींनी विमानतळापासून घरापर्यंत रुचाचा हात धरून ठेवला होता. मला आरशात दिसत होतं. कॉलेजला जाण्याच्या आदल्या रात्रीपर्यंत त्या तो बहुधा सोडणार नव्हत्या.

रुचा ऑगस्टच्या मध्याला कॉलेजला गेली. कॉलेज चॅपल हिलला आहे, इंगवल्यांच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर. दर शुक्रवारी ती कपडे धुवायला घरी येते.