वाळू परत नेणाऱ्या वहिनीसाहेब

श्रीमती शैलजाताई सरनोबत यांची आणि माझी पहिली भेट भांडणात झाली. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्तच्या गौरवग्रंथात हे लिहावे की नाही, असे मी त्यांनाच विचारले. "झालं ते लिहा. गोड करून लिहू नका," एवढेच त्या म्हणाल्या.

पतीच्या निधनानंतर कोल्हापूरजवळची बिडाच्या ओतकामाची फौंड्री त्या एकट्या चालवीत होत्या. कामगार त्यांना वहिनीसाहेब म्हणत. साच्यांसाठी वापरून काळी पडलेली वाळू इतर कारखान्यांप्रमाणेच त्यांचेही डंपर आमच्या गावच्या गायरानात, ओढ्याकाठी ओतून जात. पावसाळ्यात ती रसायनाच्या वासाची वाळू ओढ्यात उतरे. म्हशी त्या पाण्याला तोंड लावेनाशा झाल्या. मी तेव्हा ग्रामपंचायतीची सदस्य होते. एका सकाळी आम्ही बायका डंपरला आडव्या बसलो. ड्रायव्हरने फोन केला आणि मालकीणबाई स्वतः जीप चालवत हजर झाल्या.

आमच्या हौसामावशी कडाडल्या, "ओ बाई, तुमचा कचरा तुमच्या दारात टाका की! आमच्या वढ्यानं काय घोडं मारलंय तुमचं?"

दमदाटी होईल, अशी आमची अपेक्षा होती. वहिनीसाहेब मात्र सरळ ओढ्यात उतरल्या. तळातला काळा गाळ मुठीत घेऊन त्यांनी त्याचा वास घेतला. वर येऊन त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "गाडी माघारी घे."

"मग ओतू कुठं, वहिनीसाहेब?"

"आपल्या आवारात. आजपासनं इथं एक घमेलंसुद्धा पडता कामा नये."

पुढचे मला त्यांच्या फौंड्रीत साचे घडवणारे जुने मोल्डर ईश्वरमामा यांनी सांगितले. आवारात वाळूचे ढीग साचले, सायकली लावायला जागा उरेना. तेव्हा वहिनीसाहेबांनी वाळू भाजून, तिच्यातले रसायन जाळून ती पुन्हा वापरण्याजोगी करणारे यंत्र बसवले. मात्र त्या वाळूच्या साच्यांतून निघालेल्या पहिल्याच मालाला बारीक भोके पडली. पुण्याच्या गिऱ्हाइकाने सगळा माल परत धाडला आणि पुढचे काम थांबवले.

कामगार धास्तावले. ईश्वरमामा त्यांच्या वतीने केबिनमध्ये गेले. "वहिनीसाहेब, पयल्यासारखी नवी वाळूच बरी हाय. आमची पोरंबाळं हायती."

"मामा, घाबरले तर मीही आहे," वहिनीसाहेब म्हणाल्या. "पण कुणाचा पगार थांबणार नाही आणि वाळू वढ्यात जाणार नाही. ह्या दोन गोष्टी सोडून काय ते बोला."

काम नसलेल्या त्या दिवसांत त्यांनी जे केले, त्यामुळे आमचे गाव कायमचे त्यांचे झाले. थोडी माणसे यंत्रापाशी ठेवून बाकीचे सगळे कामगार त्यांनी पगारी आमच्या गायरानात आणले आणि जुने ढीग उपसून फौंड्रीत परत न्यायला घेतले. पहिल्या दिवशी गावातल्या कुणी पाणीसुद्धा विचारले नाही. दुसऱ्या दिवशी हौसामावशीच भाकऱ्यांची बुट्टी घेऊन आल्या. मी वहिनीसाहेबांना म्हटले, "ही सगळीच वाळू काही तुमची नाही."

"वढ्याला कुठं ठाऊक आहे कुणाची ते?" त्यांनी उत्तर दिले आणि पाटी उचलली.

इकडे फौंड्रीत चाचण्या चालूच होत्या. भाजलेल्या वाळूत बारीक धूळ राहत होती. ती शोषून घेणारा पंखा बदलला आणि माल स्वच्छ निघू लागला. वहिनीसाहेब स्वतः नमुने घेऊन पुण्याला गेल्या. काम परत मिळाले, तेव्हा ईश्वरमामा सर्वांदेखत रडले. वहिनीसाहेब त्यांना म्हणाल्या, "आता रडू नका, साचे भिजतील." हसताना त्यांचेही डोळे भरले होते.

धूळ आणि भाजूनही न उपयोगी पडणारी वाळू उरतच होती. तिचे फरसबंदीचे ठोकळे करायचे ठरले आणि ते काम आमच्या गावच्या बायकांकडे आले. त्याचा व्यवहार अंगावर घ्यायला मी संकोचाने नाही म्हणत होते. एकदा मी केबिनमध्ये असताना एक ठेकेदार ठोकळे घ्यायला आले आणि वहिनीसाहेबांशीच दर बोलू लागले. वहिनीसाहेबांनी खुर्ची सोडली, मला तीत बसवले, आपण कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसल्या. "ठोकळ्यांच्या मालक ह्या. मी नुसती वाळू देते," त्या म्हणाल्या. दर मीच ठरवला. आयुष्यात पुष्कळांनी मला मदत केली. जागा मात्र त्यांनी दिली.

वहिनीसाहेबांचा स्वभाव गरम आहे, हेही लिहिले पाहिजे. भट्टीपाशी कुणी बिनबुटाचे दिसले, तर त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जातो. स्वतःची चूक मात्र त्या त्याच चढ्या आवाजात कबूल करतात. एकेकाळी त्यांना वेड्यात काढणारे शेजारचे कारखानदार आज आपली वाळू त्यांच्याकडे भाजायला पाठवतात. नफा आणि नीती यांची सांगड कशी घालायची, असे विचारणाऱ्या कॉलेजच्या मुलांना त्या व्याख्यान देत नाहीत. हातात घमेले देतात.

गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. जिना चढायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावताच त्यांनी केबिन खाली आणली आणि आता भट्टीची वाया जाणारी उष्णता कशी वापरायची, याच्या मागे लागल्या आहेत. त्यांचे गुडघे त्यांच्या मनाच्या वेगाला साथ देवोत. आई अंबाबाई त्यांना ठणठणीत शंभरी देवो आणि तोवर आम्हा सर्वांना रोज एकदा तरी त्यांची बोलणी खायला मिळोत.