तळाचा थर

माझ्या थोरल्या नणंदेइतकं राग आणणारं माणूस काळाचौकीत आजवर झालं नाही, आणि यापुढे होणार नाही. चाळीत आमची दारं शेजारी-शेजारी, त्यामुळे हा राग मी पन्नास वर्षं रोज ताजा ताजा खात आले आहे. वन्संना कशाचाही शेवट आधी लागतो. हापूसची पेटी आली की गवत उपसून आधी तळाचा थर तपासणार. "वरचे काय, कोणय बरे ठेवता," हे वर. तोवर वरचे बरे आंबे गडगडत माझ्या पलंगाखाली. लग्नाला गेल्या तर मांडवात शिरण्याआधी आचाऱ्याला विचारणार, शेवटी दहीभात आहे ना. आणि कादंबरी तर शेवटच्या पानावरच उघडणार. बरं, वाचून गप्प बसतील तर शपथ. मे महिन्यातल्या रविवारी जेवणं आटोपून, पन्ह्याचा पेला उशाशी ठेवून मी पुस्तक घेऊन आडवी झाले रे झाले की दारातून आवाज यायचाच, "त्या डॉक्टराच्या नादाक लागू नको गो, तो बायलेक सोडून जाता." पुस्तक तिथेच मेलं.

नवी नवरी असताना मी याचा बंदोबस्त केला होता. तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजत असे. नथ आली होती, अक्कल यायची होती. जाडजूड कादंबरी आणली आणि भाताची शितं चुरडून शेवटची चार पानं पक्की चिकटवून टाकली. वन्संनी पुस्तक उलटंपालटं केलं, हुंगलं, आणि म्हणाल्या, "आंबेमोहोर?" मी आठ दिवस ऐटीत वाचलं. शेवटाशी पोचल्यावर या बाईसाहेबांना, म्हणजे मलाच, आठवलं की तो आपल्यालाही वाचायचा आहे. वाफ दिली, पाणी लावलं, सुरीने ओढलं. पानांचा लगदा झाला. त्यातली नायिका अजून बंदरावर बोटीची वाट बघत उभी आहे.

गेल्या वर्षी वन्संचा मोतीबिंदू पिकला. अक्षर दिसेना, म्हणून रविवारी दुपारी मी वाचून दाखवायची, अर्थात शेवट आधी. पण ऑपरेशनचं नाव काढलं की नाही म्हणजे नाही. यंदा पेटीतला डागाळलेला आंबा या बाईने, जिने जन्मभर तळाचा थर तपासला तिने, न कळता चोखला. माझं डोकंच फिरलं.

"वन्सं, आजपासून शेवट बंद. पहिल्या पानापासून वाचीन आणि शेवटची दहा पानं ठेवीन. हवीत तर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा."

"सूड घेतंस?"

"हो."

तीन रविवार वन्सं भिंतीकडे तोंड करून ऐकत राहिल्या. चौथ्या रविवारी दहा पानं उरली आणि मी पुस्तक मिटलं, तेव्हा म्हणाल्या, "ऑपरेशनाचा शेवटचा पान दाखव माका. मगे येतंय."

"ते कसं दाखवू?"

"आणि आता दिसता ताय गेला तर? शेवट बरो आसा असा कळला तरच मी आत पाय टाकतंय. जल्मभर. तू नुसती हसत ऱ्हवलंस."

मला असा संताप आला की काय सांगू. पन्नास वर्षं शेजारी राहून हे एक वाक्य या बाईने आधी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. दोघींपैकी कुणावर जास्त चिडावं हे ठरेना, म्हणून उठून फणसाच्या आठळ्या भाजल्या. निम्म्या करपल्या. वन्संनी करपलेल्याही खाल्ल्या आणि म्हणाल्या, "तू भायर बसतलंस ना?"

"बसेन."

शनिवारी त्यांना ऑपरेशनला घेऊन गेले. आत नेताना त्यांनी हातातली पिशवी माझ्याकडे दिली. पुस्तक त्यातच होतं, पट्टी सुटल्यावर वाचायला. दार लागलं. मी बाकावर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून, मधली नऊ पानं टाकून, थेट शेवटचं पान काढलं.

शेवट बरा होता. मी त्या दाराकडे बघत तो पुन्हा एकदा वाचला.