घंटागाडीतला आवाज

रीनाची वाचा गेली, आणि ती जावेनेच घालवली, असं आमच्या गोंदियाजवळच्या फुलचूरमध्ये सगळे कुजबुजत होते. जाऊ म्हणजे नीतू. तिने म्हणे आवाज जावा म्हणून पानाच्या विड्यातून शेंदूर चारला. आम्हीही त्या गोष्टीला थोडं तिखटमीठ लावलं, खोटं कशाला बोला!

रीना आमचा शेजारी मुन्नालाल याची धाकटी सून. माहेर नवेगाव बांधचं. नागपुरात दोन वर्षं राहून तिने सिनेमा, टीव्ही आणि रेडिओ या विषयांत एम.ए. केलं. ही पदवी मुन्नालालला फारच आवडली. त्याने ती फ्रेम करून आपल्या कापडाच्या दुकानात गल्ल्यावर टांगली. गिऱ्हाईक आलं की बोट दाखवायचा, "हमारी बहू रेडिओवाली है!"

बहूला मात्र रेडिओवर जाऊ देईना. तिने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा एकच उत्तर, "नागपुरात काय ठेवलं आहे, बेटा? घरीच माईक घेऊन देतो."

आणि घेऊन दिला की! रजया ठेवायच्या खोलीत भिंतींना गाद्या ठोकल्या. नीतूची पोरं मधेच घुसू नयेत म्हणून बाहेरून कडी. आत रीना बोलायची. आधी दुकानाचा सेल, मग मुन्नालालच्या एका दोस्ताचा निवडणूक प्रचार, मग कचऱ्याची घंटागाडी. रोज सकाळी सात वाजता तिचा आवाज गल्लीगल्लीतून फिरायचा, "ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा!" आणि ती स्वतः फाटकात बादल्या घेऊन उभी.

मी एकदा छेडलं, "काहो सूनबाई, तुम्हीच सांगून राहिल्या अन् तुम्हीच ऐकून राहिल्या?"

ती हसली नाही. म्हणाली, "माझा आवाज पूर्ण फुलचूर फिरून येते, काकाजी. मी फाटकापर्यंत येतो."

आणि एका सोमवारी रीना बोलायचीच थांबली. हूं नाही की चूं नाही. सासूने नजर उतरवली, ज्येष्ठमध चघळायला दिलं, मिठाच्या गुळण्या करवल्या. मुन्नालालचा जीव दिवाळीच्या सेलमध्ये अडकलेला. त्याचं रेकॉर्डिंग व्हायचं होतं. शेवटी रीनाने मोबाईलवर लिहून नवऱ्यापुढे धरलं, "गळ्याचा डॉक्टर. नागपूर. गुरुवारी."

नवरा, मोनू, साधा माणूस. लगेच सकाळच्या गाडीची दोन तिकिटं काढून आला.

बुधवारी संध्याकाळी मुन्नालाल आमच्या ओट्यावर येऊन बसला. एक दिवस दुकान मोनूविना चालवायचं म्हणून कुरकुरत होता. आता असं पाहा, तोंड बंद ठेवायचे प्रसंग आयुष्यात कमी येतात, आणि आले तरी आम्ही ते ओळखत नाही.

"अरे, नागपूर कायले?" मी म्हणालो. "नागपूरचाच गळ्याचा डॉक्टर दर गुरुवारी गोंदियात येऊन बसते. रिक्षाने जा, रिक्षाने ये."

"वाह काका! क्या बात कही!" मुन्नालालने माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि तिथूनच मोनूला ओरडून तिकिटं रद्द करायला लावली.

रीना फाटकात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पोरगी आभार मानून राहिली, असं मी समजलो.

गुरुवारी डॉक्टरने टॉर्च मारून, आ करायला लावून तपासलं. गळा एकदम साफ, म्हणाला. शुक्रवारी सकाळी रीना बोलली, "बाबूजी, चहा ठेवू?" मुन्नालालने गल्लीत पेढे वाटले. बिचाऱ्या नीतूच्या माथ्यावरचा शेंदूर मात्र अजून उतरला नाही. बाया तिच्या हातचं पान खात नाहीत. दुपारी गादीच्या खोलीला कडी लागली, आणि आतून दिवाळीचा सेल सुरू झाला.

महिनाभराने मी फारच खोदून विचारलं तेव्हा रीनाने सांगितलं. शेंदूर नव्हता. गळ्याला काही झालं नव्हतं. त्या गुरुवारी अकरा वाजता नागपूरच्या एका रेडिओ केंद्रावर तिच्या आवाजाची परीक्षा होती. ती तिला देता आली नाही.