डोळे दिपले नाहीत

प्रयोगशाळेत सगळे तिला चिकटताई म्हणत. एकदा कामाला चिकटली की सुटायची नाही म्हणून. तिचा विषय सेंद्रिय सोलर सेलचा. काचेवर शाईसारखे पातळ थर पसरले की झाला सेल तयार; स्वस्त, हलका, आणि काचेऐवजी प्लास्टिक घेतलं तर वाकणारासुद्धा. खोड एकच, पण जीवघेणी. ज्या उन्हावर जगायचं, त्याच उन्हात हे सेल नासत. ते वर्षानुवर्षं टिकावेत म्हणून बाईने जिवाचं रान केलं होतं. मिश्रणं बदलली, कडा सीलबंद केल्या, पण आलेख आपला दर खेपेला खालीच.

या चिकाटीची झळ नवऱ्याला बसत होती. तो पूल बांधणारा इंजिनीअर. पण हिची प्रयोगशाळा या शहरात, म्हणून बाहेरगावचं काम त्याने दोनदा नाकारलं आणि ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या पुलांचे नकाशे तपासत राहिला. साइटवरचे जाडजूड बूट मात्र त्याने दाराजवळच्या कपाटात पॉलिश करून ठेवले होते. आता पुन्हा एका पुलासाठी बोलावणं आलं होतं, आणि त्याचं वय पाहता हे शेवटचंच.

"या वेळी जायचंच," ती म्हणाली होती. "मीही येते. हे सेल काही टिकायचे नाहीत."

आणि नेमके तेव्हाच ते टिकायला लागले!

सेल एका बंद पेटीत, रात्रंदिवस जळणाऱ्या प्रखर दिव्याखाली असत. अधूनमधून ट्रे बाहेर काढून शेजारच्या खोलीत, दुसऱ्या दिव्याखाली त्यांची ताकद मोजायची. आलेख घसरायचा थांबला तेव्हा प्रयोगशाळेचे प्रमुख, सर, हरखले, आणि हिला तर आनंदाबरोबर धास्तीच बसली. दिव्याचा उजेड तपासायला त्याचं झाकण उघडावं लागे. ते तपासणंही तिने बंद करून टाकलं. "सगळं सुरळीत चाललंय ना? मग कुणी बोट लावायचं नाही," असा हुकूम सुटला. एवढी शिकलेली बाई, पण दृष्ट लागेल म्हणून घाबरली, दुसरं काय!

नवऱ्याने तिचा चेहरा पाहिला आणि म्हणाला, "आता इथून हललीस तर जन्मभर मला बोल लावशील. मी 'नाही' म्हणून कळवतो."

त्याच दिवशी दुपारी ट्रे परत ठेवताना ती काळा चष्मा घालायला विसरली. काचेच्या कोपऱ्यातला बारीक आकडा वाचला, ट्रे सरकवला आणि जागच्या जागी थिजली. आकडा वाचता आलाच कसा? या दिव्यापुढे उघड्या डोळ्यांनी उभं राहता येत नसे. काळ्या चष्म्याआडून तिला इतके दिवस काही कळलंच नव्हतं.

तिने दिव्याचं झाकण उघडून उजेड मोजला. निम्माही नव्हता. सेल टिकले नव्हते, दिवाच मंदावत गेला होता.

तिने सरांना जाऊन सरळ सांगितलं. त्यांनी टेबलावरचा आलेख उलटा करून ठेवला. मग म्हणाले, "नवा दिवा लावा."

ती घराकडे धावतच सुटली. अजून कळवलं नसेल, एवढा एकच धावा मनात. वाटेत फोन लावायचं धाडस झालं नाही. त्याचं उत्तर ऐकण्याचीच भीती वाटत होती.

दार त्यानेच उघडलं. "आलीस? चपला वरच्या कप्प्यात ठेव, जागा झालीय."

कपाटात बूट नव्हते.

"माझ्या जागी जो जातोय ना, त्याला देऊन टाकले," तो म्हणाला. "त्याला अगदी मापात बसले बघ."

तिला रडू फुटलं. हुंदके देतच तिने सगळं सांगितलं, दिव्याचं, चष्म्याचं, न उघडलेल्या झाकणाचं. सांगून झालं तेव्हा त्याने तिच्या पायांतल्या चपला काढल्या, त्या रिकाम्या कप्प्यात ठेवल्या आणि कपाटाचं दार लावायला गेला. एरवी एका बोटाने लागणारं ते दार काही केल्या त्याला लागेना.