हाक आली नाही

मुलीच्या खेळाला मी कधी नाही म्हटलं नाही, हे मी आजवर इतक्या जणांना ऐकवलं आहे की त्यातलं खोटं मला स्वतःलाच ऐकू येईनासं झालं होतं.

मी भांडीवाली. आज पारनेरला माझं स्वतःचं दुकान आहे. लग्नात द्यायच्या भांड्यांचा पूर्ण संच माझ्याकडे मिळतो. पण सुरुवात डोक्यावरच्या टोपलीने झाली. नगरच्या कॉलन्यांमधून दारोदार फिरायचं, जुने कपडे घ्यायचे, त्यावर स्टीलची भांडी द्यायची. मला हा धंदा कुणी शिकवला नाही. दोन-तीन वर्षं फसले आणि मग मला फसवणं अवघड झालं.

या धंद्यात खरी चाल एकच. बाई चार पँटी आणि एक विटकी साडी पुढे टाकते आणि मोठ्या पातेल्याला हात घालते. आपण लहान पातेलं दाखवतो. ती तोंड वाकडं करते. मग आपण तिचे कपडे तिच्याकडे सरकवायचे, टोपली डोक्यावर घ्यायची आणि जिना उतरायला लागायचं. मागे बघायचं नाही. बघितलं की आपली गरज दिसते. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर वरून हाक येतेच, "अगं ए, थांब की! किती ताठा तुझा!" आणि आतून आणखी एक साडी निघते.

शाळेला सुट्टी असली की मुलगी माझ्याबरोबर असायची. कपड्यांचं गाठोडं तिच्या पाठीवर. जिना उतरताना ती हळूच म्हणायची, "आई, आता बोलावतील बघ." बोलवायच्या. मग ती तोंडावर हात धरून हसायची.

सहावीत ती खो-खोच्या संघात गेली, तोवर माझं दुकान सुरू झालं होतं. मी नाही म्हटलं नाही. पण सकाळी दुकान झाडून, मांडणीवरची सगळी भांडी पुसून झाली, तरच ग्राउंड. एखादी स्पर्धा बाहेरगावी असली, तर त्याच्या बदल्यात पुढचे दोन रविवार बाजारात माझ्याशेजारी बसायचं. असा आमचा व्यवहार. ती अंधार असतानाच उठायची, भांडी पुसायची आणि पळत शाळेत जायची. तिचा भाऊ रोज संध्याकाळी क्रिकेट खेळायला जायचा. त्याला मी साधी कपबशी विसळायला लावल्याचं आठवत नाही. तेव्हा त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. उलट वाटायचं, पोरीला मी वेळेची किंमत शिकवते आहे.

ती तेरा वर्षांची असताना तिला नगरला निवडीसाठी बोलावलं. पुण्याला मुलींचं क्रीडा वसतिगृह होतं. राहणं, जेवण, शाळा, सराव, सगळं तिथेच. मी तिच्याबरोबर गेले. मैदानावर दोरीबाहेर उभी राहून तिचा खेळ मी पहिल्यांदाच पाहिला. ती खांबाच्या बाजूने असा सूर मारायची की मी दोरी घट्ट धरायचे. उठायची तेव्हा गुडघे सोललेले आणि चेहरा उजळलेला. शेजारी उभा असलेला एक माणूस म्हणाला, "ही पोरगी वाऱ्यासारखी हाय." मी म्हटलं, "माझी हाय." तेवढंच. पण आतून मी फुगले होते.

दुपारी निवड करणाऱ्या सरांनी आम्हाला लिंबाखालच्या टेबलापाशी बोलावलं. फॉर्मवर तिचं नाव आधीच लिहिलेलं होतं. ते म्हणाले, "ताई, मुलगी चांगली आहे तुमची. इथे सही करा."

सही करायची आणि उठायचं. पण समोर टेबल, पलीकडे माणूस आणि त्याला माझी वस्तू हवी आहे, असं दिसलं की माझ्या अंगात काय शिरतं ते मलाच कळत नाही.

मी म्हटलं, "लग्नसराईत पोरगी महिनाभर घरी लागंल मला. दुकानात गर्दी असती."

"उन्हाळ्यात तर आमचं मोठं शिबिर असतं, ताई. दिवाळीला सोडतो की."

"दिवाळीला तिला घेऊन काय करू? चकल्या मी एकटी करती."

सर हसले. "बरं, मे महिन्यात आठ दिवस पाठवतो. त्याहून जास्त नाही जमणार."

ते आठ दिवस कबूल झाले तिथेच माझी चूक झाली. नाही म्हणणारा माणूस आठ दिवसांवर आला म्हणजे पंधरावरही येईल, असा मी हिशेब केला.

"पंधरा दिवस. न्हाईतर जमायचं न्हाई."

"नियम आहेत हो ताई. तुमच्या एकट्या मुलीसाठी कसं करणार?"

"मग ऱ्हाऊ द्या. माझी पोरगी काय रस्त्यावर पडली न्हाई. चल गं."

मी फॉर्म सरांकडे सरकवला आणि उठले. आवाज चढला होता, आजूबाजूचे लोक बघत होते. मुलीचा हात धरून मी फाटकाकडे चालायला लागले. सावकाश. हाक मारायला माणसाला वेळ मिळावा इतकं सावकाश. वाटेत तिच्या बुटाची नाडी घट्टच होती, तरी ती बांधायला मी खाली बसले.

ती वाकून माझ्या कानाशी म्हणाली, "आई, आता बोलावतील ना?"

तिलाही ही चाल माहीत होती. तिने ती शंभर जिन्यांवर यशस्वी होताना पाहिली होती. मी म्हटलं, "मागं बघू नको."

मागून आवाज आला, पण तो दुसऱ्या मुलीच्या नावाचा होता.

फाटकाशी मात्र मी वळले. अकोल्याकडची एक मुलगी टेबलापाशी उभी होती. तिच्याबरोबर आलेला माणूस काहीही न विचारता, सर बोट ठेवतील तिथे सही करत होता.

"आई, मी जाऊन सांगू का सरांना? आपण परत जाऊ ना."

"आपण हून मागं फिरलो तर काय किंमत देतील आपल्याला?"

एसटीत ती पारनेरपर्यंत बुटाची नाडी सोडत-बांधत होती. मी बोलत होते. सर कसे माजलेत, कसे वशिल्याचे आहेत, अकोल्याची पोरगी कशी आधीच ठरलेली असणार. त्यानंतर आठ वर्षं मी हेच बोलत राहिले. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना, नातेवाइकांना, लग्नांत शेजारी बसलेल्या बायकांना. सरांचा नंबर माझ्याकडे होता. आठवडाभर रोज वाटायचं, एक फोन करावा. केला नाही. वाट बघत होते की ते करतील. खरं सांगायचं तर आजही मला वाटतं, एक हाक मारायला त्यांचं काय गेलं असतं? आणि हे मनात आलं की स्वतःची लाज वाटते. त्यांच्या दारात रांग होती. मुलीकडे तेवढं एकच दार होतं.

ती शाळेत खेळत राहिली, मग कॉलेजात. भांडी पुसण्याची अट मी हळूहळू सोडून दिली, पण तिने पुसणं सोडलं नाही.

मागच्या वर्षी ती पदवीनंतर शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात दाखल झाली. मला कळलं ते प्रवेश पक्का झाल्यावर. मी भडकले. "एवढा मोठा निर्णय, आणि आईला सांगावंसंबी वाटलं न्हाई? मी आले असते बरोबर."

ती मोबाईलवरची नजर न काढता म्हणाली, "तू आली असतीस तर बोलली असतीस."

मी दुकानाच्या पायरीवर बसले. म्हटलं, "त्या सरांचं माझ्याकडून चुकलं गं. मला वाटलं, बोलावतील."

"मलापण वाटलं होतं." मग तिने मोबाईल बाजूला ठेवला. "मला सरांचा राग कधी आला नाही. तू त्यांच्याशी इतका वेळ बोललीस, पण मला जायचंय का, हे एकदाबी विचारलं नाहीस."

कपड्यांवर भांडी देताना कपड्याला कोण विचारतं? हे मनात आलं, पण तिच्यासमोर उच्चारायची हिंमत झाली नाही. ती उठून आत गेली आणि मी गिऱ्हाइकाला चुकीच्या झाकणाचा डबा दिला.

या हिवाळ्यात तिच्या कॉलेजचा सामना नगरलाच होता. मी विचारलं, "येऊ का गं बघायला?" असं परवानगी मागितल्यासारखं मी आयुष्यात कुणाला विचारलं नव्हतं.

ती म्हणाली, "ये. पण कुणाशी काही बोलायचं नाही. पंचांशी नाही, सरांशी नाही, कुणाशीच नाही."

मी गेले. दुसऱ्या डावात तिला बाद दिलं. मला स्पष्ट दिसलं होतं की हात लागलाच नव्हता. तोंडापर्यंत आलेलं मी गिळलं. पदराचं टोक दातात धरलं. ती पंचांकडे न बघता बाहेर आली, पाणी प्यायली आणि बाद झालेल्यांच्या रांगेत बसली.

शेजारच्या बाईने विचारलं, "तुमची कोणती?"

मी बोट दाखवलं.

"छान खेळते हो. पण आत्ता बाद नव्हती, नाही का?"

मी मान डोलावली आणि समोर बघत राहिले.