मोहाच्या झाडावरची शीळ

अकोल्याहून सकाळची अमरावती गाडी पकडली तेव्हा माझ्या पिशवीत दोन दिवसांचे कपडे आणि अब्बांनी दुरुस्त केलेला हेडफोन होता. अब्बांचं दुकान भोंगे आणि ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं. आवाजातली खरखर कुठून येते, हे मी त्यांच्या शेजारी बसूनच शिकले. "फिजिक्स पढते पढते अब चिड़ियां गिनेगी क्या?" एवढंच त्यांनी स्टँडवर विचारलं.

प्रश्न रास्त होता. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, आणि मला जागा हवी होती प्राणिशास्त्राच्या देशमुख मॅडमच्या प्रकल्पात. व्याघ्र प्रकल्पासाठी गाव उठून गेल्यावर मेळघाटातले आवाज कसे बदलतात, हा त्यांचा विषय. आमच्या सरांनी "हे आपलं काम नाही" म्हणून हात झटकले होते. मॅडमनी अट घातली. "दोन दिवस सोबत चल. परतताना तुझ्याकडे असा प्रश्न हवा, जो तुझ्या विषयाला एकट्याला सुटत नाही आणि माझ्याही. नसला तर आपापल्या घरी."

अमरावतीहून मॅडमच्या जीपने निघालो. परतवाड्याला थांबून गिलावडा (दह्यात बुडवलेला उडदाचा वडा) खाल्ला. "पक्षी कोणकोणते ओळखतेस?" मॅडमनी विचारलं. "कावळा," मी म्हटलं. दोघी हसलो.

सेमाडोहहून वनरक्षक तायडेभाऊ सोबत आले. उठलेलं गाव मला आधी दिसलंच नाही. कमरेएवढं गवत, त्यात जोत्यांचे दगड आणि कुणाचा तरी फुटका पाटा. भर दुपार होती, एक पान हलत नव्हतं. आवाज टिपायला मॅडमनी तिथे दोन रेकॉर्डर लावले होते; त्या नाल्याकडच्या रेकॉर्डरकडे गेल्या. मी मोहाच्या बुंध्याला बांधलेल्या दुसऱ्याचं कार्ड काढत होते, तेवढ्यात मागून शीळ आली. लांब, चढत जाणारी, शेवटी जराशी तुटलेली.

"मांगं पाहू नोको, ताई," तायडेभाऊ हळूच म्हणाले.

"काहून?"

"इथं आता कोनीच राहत नाही. मंग शीळ कोन घालून राहिलं?"

"शीळ आली की मागे बघायचं नाही, हे शहरातल्या मुलींना शिकवावं लागत नाही, भाऊ," मी म्हटलं खरं, पण कार्ड हातातून गवतात पडलं. ते चाचपडत असताना पुन्हा शीळ आली, आधीपेक्षा जवळून. मी मान वर केली नाही. मला भीती वाटत होती.

संध्याकाळी विश्रामगृहात कार्ड तपासलं, तर शीळ जवळजवळ रोजच्या दुपारी होती. या कामात माणसाचा आवाज सगळ्यात आधी वगळतात, म्हणून ती मॅडमच्या कानावर कधी आलीच नव्हती. मी ती मुद्दाम वेगळी काढली आणि लॅपटॉपच्या पडद्यावर तिच्या सुराची रेघ पाहिली. माणूस शीळ घालतो तेव्हा एका वेळी एकच सूर निघतो. इथे शेवटच्या तुटण्यापाशी दोन होते.

"भृंगराज, कोतवालाच्या जातीतला पक्षी," मॅडम लगेच म्हणाल्या. "त्याच्या गळ्यात दोन वाटा असतात. दुसऱ्यांचे आवाज उचलतो तो."

आता भीती जायला हवी होती. पण मग ही शीळ त्याने उचलली कोणाकडून?

परतताना अकोटजवळ वळलो. त्या गावाची माणसं तिथे नव्या वस्तीत राहतात. गवळ्यांच्या राधाबाईंनी घट्ट दुधाचा चहा दिला. मी मोबाइलवर शीळ लावली. त्या काही बोलण्याआधीच गोठ्यातली म्हातारी म्हैस उठली, कान टवकारले आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली.

"ही तं आमच्या यायची शीळ," राधाबाई म्हणाल्या. म्हणजे त्यांच्या नवऱ्याची. गवळ्यांत ज्याची त्याची शीळ निराळी. दुसऱ्याच्या शिळेवर म्हशी पाऊल उचलत नाहीत.

"कुठे असतात ते?"

"ते तं गाव उठाच्या आंधीच गेले."

मी पुन्हा लावायला गेले, तसा त्यांनी माझा हात धरला. "पुरे, बाई. म्हैस उठते, आन् हे येत नाहीत."

ही शीळ आता एक पक्षी घालतो, हे मॅडमनी त्यांना सांगितलं. निघताना त्या जीपपर्यंत आल्या. "ते पाखरू बी कधी ना कधी मरनच. मंग कोन बोलावन?"

जीप अकोल्याच्या रस्त्याला लागली. मग मीच म्हटलं, "मॅडम, तो पक्षी मेल्यावर त्याची पिल्लं ही शीळ घालतील का? आवाज मी तपासेन, पिल्लं तुम्ही. आणि शीळ तीच आहे का, ते राधाबाईच सांगू शकतील. पण प्रश्न माझा नाही, त्यांचा आहे."

मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पुढच्या खेपेला कार्ड तू बदल. तायडेंना सांगून ठेवते."

मला जागा मिळाली होती. आनंद झाला, खूप झाला, आणि त्याच वेळी त्या मोहाखाली पुन्हा उभं राहायचं या विचाराने अंगावर काटाही आला.

अकोल्याच्या स्टँडवर उतरले, तर मागून कोणीतरी शीळ घातली. अशा शिळेला मी आजवर कधी वळून पाहिलेलं नाही. त्या दिवशी पाहिलं. घालणारं माणूसच आहे ना, एवढंच मला बघायचं होतं.