आबांच्या कॅसेटमधल्या मोकळ्या जागा

गेल्या रविवारी, वैशाखातल्या सकाळी अकरा वाजता, सिल्वासाच्या टोकरखाडा भागातल्या आमच्या घराच्या बैठकीत तिघे होतो: मी, माझी पत्नी सुनंदा आणि दुरुस्तीवाले कांतिभाई. ठरलेली रक्कम साडेतीनशे. पट्टा बदलून साफसफाई करायचे अडीचशे आणि जुनं रेकॉर्डिंग पुसणारं हेड नवीन बसवायचे शंभर. टेपरेकॉर्डर आबांचा, माझ्या वडिलांचा. ते गेल्यावर धुळ्याकडच्या आमच्या गावाहून मी आणलेला.

"एवढ्यात नवा ब्लूटूथ आला असता," सुनंदा म्हणाली.

"भाभी, त्यामां कॅसेट नाय चालत," कांतिभाई मान वर न करता म्हणाले.

खिडकीतून उतरलेल्या पांढऱ्या उन्हात स्पिरिटचा उग्र गंध आणि जुन्या रबराचा वास मिसळला, आणि मला कामगारांची सहा जणांची खोली आठवली. आबांना लिहिता येत नव्हतं, म्हणून मी सिल्वासाच्या धाग्याच्या कंपनीत लागलो तेव्हापासून आमच्या दोघांत एकच कॅसेट फिरे. गावचा कुणी जाणारा-येणारा ती खिशातून नेई, आणि ज्याची पाळी असेल तो आधीच्याच्या आवाजावर आपला आवाज भरी. आबा प्रश्न विचारत आणि मी समोर बसल्यासारखे उत्तरासाठी थांबत. तेवढा वेळ नुसती फितीची सरसर. खोलीतले सगळे त्यावर हसायचे, मीही.

आता टेपरेकॉर्डरमध्ये घातलेली हीच ती कॅसेट, त्यावरचं आबांचं बोलणं त्यांच्या शेवटच्या दिवाळीआधीचं. त्या दिवाळीला मी गेलो नाही. ओव्हरटाइम दुप्पट होता. तू येतो म्हणाला होतास, आबा दारात बसून होते, असं माझी थोरली बहीण, ताई, आजवर सांगत आली. आणि पैशापैशाचा हिशेब ठेवणारा मी, असा शब्द दिलाच नव्हता हे तितक्याच खात्रीने सांगत आलो.

कांतिभाईंनी बटण दाबलं.

"जेवस ना टाईमवर?" आबांनी विचारलं आणि थांबले. सरसर. उन्हाळ्यात दुधनीच्या जलाशयाचं पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे बुंधे हळूहळू वर येतात, तसं त्या सरसरीखालून कुणीतरी अस्पष्ट बोललं. कांतिभाईंनी आवाज वाढवला.

"दिवायीले येशी ना, भाऊ?"

सरसर.

"येसू, आबा. नक्की येसू."

आवाज माझा होता, मी बावीस वर्षांचा असतानाचा. सुनंदाने उठून पंखा बंद केला. भर उजेडात माझ्या हातांवर काटा उभा राहिला.

"हेड कमजोर," कांतिभाई हळूच म्हणाले. "वरती नवा भरला, पण खालचा जूना पूरा पुसला नाय."

कारण पटलं. आबांच्या आधी त्याच फितीवर मीच बोललो होतो. पण माझं उत्तर नेमकं त्यांच्या प्रश्नापुढच्या मोकळ्या जागेत कसं येऊन थांबलं? तीनदा फीत मागे नेली; तिन्ही वेळा ते तिथेच होतं.

ताईला फोन लावला. "मी येतो म्हणालो होतो," एवढंच बोललो. पलीकडे ती गप्प राहिली, आबा थांबत तेवढा वेळ. त्या शांततेत मी कान देऊन बसलो.

"हेड बदलूं?" कांतिभाईंनी विचारलं.

मी नको म्हणालो. त्यांना अडीचशे दिले.